दुधाच्या कॅनवाली बीएसए एम-२० घेतली आहे, आता सल्ले द्या

गिरणाकाठ | ६ एप्रिल, रात्री १०.४०

मंडळी, राम राम.

गेल्या महिन्यात धरणगावकडच्या एका खेड्यात लग्न होतं. वरण-बट्टी अंगावर आली म्हणून गोठ्याच्या सावलीला टेकलो, तर कडब्याच्या पेंढ्यांमागून एक चाक डोकावत होतं. पेंढ्या सारल्या तर पुढे स्प्रिंगचा गर्डर फोर्क, मागे सस्पेन्शनच्या नावाने शून्य, सीटखाली दोन गंजलेल्या स्प्रिंगा आणि टाकीवर निळ्या ऑइलपेंटचे तीन थर. एका ठिकाणी नखाने खरवडलं, तर आत खाकी-हिरवट रंग. चेसिसवर ‘डब्ल्यूएम२०’ने सुरू होणारा नंबर, म्हणजे महायुद्धातली मिलिटरीची बीएसए मोटारसायकल. बट्टी तिथेच पचली.

घरच्यांचं म्हणणं, आजोबांनी मिलिटरीच्या डिस्पोजलमधून आलेली गाडी दुसऱ्या की तिसऱ्या हाताने घेतली आणि वीसेक वर्षं तिच्यावर जळगावला दूध घातलं. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना चेसिसलाच वेल्डिंग केलेली जाड सळईची कडी आहेत, दुधाचे कॅन अडकवायला. १९८० च्या आसपास गाडी उभी राहिली ती राहिलीच. भंगारवाला किलोवर न्यायला येणार होता, त्याच्या आधी मी पोचलो. छोट्या हत्तीत घालून घरी आणली. किंमत विचारू नका, घरचेही हा धागा वाचतात.

इंजिन जाम नाही. किक खाली जाते, थोडं कॉम्प्रेशनही लागतं. मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारा) जागेवर आहे, कार्बोरेटर आहे, हेडलाइटचं फक्त भोक आहे. माझा अनुभव म्हणाल तर स्प्लेंडरचा प्लग बदलणे. सुरुवात कुठून करू?

भरीतपार्टी | ६ एप्रिल, रात्री ११.०५

मी शीर्षक वाचून म्हटलं, बीएसएची सायकल घेतली आणि भो धागा काय काढतो! मग फोटो पाह्यला. गंज भारी से! उद्या येतो पाह्यला. येताना काही आणू का, की वहिनींनी गाडीसोबत तुलाही गोठ्यात बांधलं?

सातपुडा_पॅसेंजर | ७ एप्रिल, सकाळी ६.१५

गिरणाकाठ, पहिलं काम म्हणजे किक मारणं बंद. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस एक किक मारून बघेल, त्याला हात जोडा.

हे ड्राय संप इंजिन आहे. ऑइल वेगळ्या टाकीत असतं, पंप ते इंजिनात ढकलतो आणि तळाशी साचलेलं परत टाकीत ओढतो. गाडी उभी राहिली की टाकीतलं ऑइल पंपाच्या फटीतून हळूहळू खाली झिरपतं. चाळीस वर्षांत झिरपून, आटून तिथे काय झालं असेल ते तुम्हीच बघा. खालची प्लेट खोला. डांबर निघेल. सगळं डिझेलने धुवा. प्लग काढून सिलेंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या, मग मागचं चाक हाताने फिरवून इंजिन फिरवा.

दुसरं. तुमच्याकडचे १३ आणि १४ चे पाने या गाडीपासून लांब ठेवा. हिचे नट ब्रिटिश मापाचे आहेत. व्हिटवर्थच्या पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसतो, बोल्टच्या जाडीचा असतो. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचं तोंड भरतं ०.५२५ इंच, म्हणजे सव्वातेरा मिलिमीटरच्या जरा वर. १३ चा बसत नाही, १४ चा बसतो आणि नटाचे कोपरे खातो. तुमच्या फोटोत हेडचे दोन नट आधीच गोल झालेले दिसतात. ते कोण्या १४ वाल्याचं काम आहे.

मी भुसावळच्या लोको शेडला फिटर होतो. वाफेच्या इंजिनावर हात बसला, तेव्हापासूनचे व्हिटवर्थ पाने घरी आहेत. घेऊन जा. पण परत आणायचे.

मॅग्नेटो_मावळा | ७ एप्रिल, सकाळी ९.३०

पहिल्यांदा अभिनंदन. खानदेशात युद्धकाळातली एम-२० सापडणं म्हणजे लॉटरी.

नव्या वाचकांसाठी थोडी माहिती. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ मध्ये बंदुका करणाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. टाकीवरच्या बिल्ल्यात तीन रायफली दिसतात त्या म्हणूनच. एम-२० मॉडेल १९३७ ते १९५५ चाललं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी सुमारे १,२६,००० गाड्या बनल्या. ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह, ताकद जेमतेम १३ हॉर्सपॉवर. नोव्हेंबर १९४० मध्ये स्मॉल हीथच्या कारखान्यावर बॉम्ब पडून ५३ कामगार गेले आणि रायफलींचं उत्पादन तीन महिने बंद पडलं. जोरात पळण्यासाठी ही गाडी नव्हतीच. निरोप्याने चिखलातून रखडत का होईना, पोचलं पाहिजे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा.

म्हणून विनंती : ती कडी ग्राइंडरने उडवा, चेसिस घासून घ्या आणि अस्सल मिलिटरी रंग द्या. मागची पत्र्याची फळी, पॅनियरचे सांगाडे, सगळं मिळतं. अर्धवट ठेवू नका.

शेतशिवार | ७ एप्रिल, दुपारी २.१०

मावळा साहेब, युद्धात सहा वर्षं आणि दुधावर वीस वर्षं. मग अस्सल कोणतं धरायचं? मी कडी काढणार नाही. माझी गाडी नाही हे खरं, पण मत तर देतो.

रावेरहून एक कामाची गोष्ट : टायरसाठी इंग्लंडला पत्र लिहू नका. एम-२० ला पुढे-मागे ३.२५-१९ लागतं, जुन्या बुलेटलाही तेच. आमच्या बुलेटचे टायर-ट्यूब कोणत्याही चांगल्या दुकानात मिळतात. आणि ऑइल झिरपतं तर पाइपाला एक कॉक बसवून टाका, बंद केलं की झिरपणं बंद. केळीच्या ड्रिपला बसवतो तसा.

सातपुडा_पॅसेंजर | ७ एप्रिल, दुपारी २.४०

कॉक बसवू नका. ड्रिपचा कॉक उघडायला विसरलात तर एक घड जातो. इथे विसरलात तर दोन किलोमीटरमध्ये बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) जातो, पिस्टन चिकटतो आणि मागचं चाक रस्त्यात लॉक होतं. विसरत नाही असा माणूस मी पाहिलेला नाही, मीही तो नाही. ऑइलच्या वाटेवर एक छोटी गोळी आणि तिची बैठक असते, ती साफ करा. गोळी नीट बसली तर महिनाभर उभ्या गाडीचंही फार खाली उतरत नाही.

निंबोळी | ७ एप्रिल, रात्री ९.००

दादा, रंगाचं नंतर बघा, कागदाचं आधी बोला. आरसी बुक कोणाच्या नावावर आहे?

गिरणाकाठ | ७ एप्रिल, रात्री ९.२०

आजोबांच्या. ते वारले त्याला पंधरा वर्षं झाली. पुस्तक आहे, पानं वाळवीने कुरतडली आहेत, पण नंबर वाचता येतात आणि इंजिन-चेसिस दोन्ही जुळतात. सही मला नातवाने दिली.

निंबोळी | ७ एप्रिल, रात्री ९.५५

नातवाची सही सध्या तरी काही कामाची नाही, कारण गाडी कागदावर त्याची नाहीच. आधी मूळ मालकाचा मृत्यू दाखला आणि इतर वारसांची संमती घेऊन गाडी एका वारसाच्या नावावर आली पाहिजे, त्यासाठी नमुना ३१. मग त्याच्याकडून तुमच्याकडे विक्री, नमुना २९ आणि ३०. ही माणसं आज गोड बोलताहेत. उद्या गाडी चकचकीत होऊन पेपरात फोटो आला की चौथा भाऊ सुरतहून उगवतो. आत्ताच करून घ्या.

आता व्हिंटेजचं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने नियम केले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षं मुदत, पुढे नूतनीकरणाला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदली तर नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण त्या नोंदणीवर रोजची ये-जा करता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर.

आणि एक गोम. व्याख्येत म्हटलंय की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. वेल्डिंग केलेली कडी तपासणीला येणारा अधिकारी कशात धरेल? मी पैज लावणार नाही.

मॅग्नेटो_मावळा | ७ एप्रिल, रात्री १०.१०

बघा! मी तेच म्हणतोय.

शेतशिवार | ७ एप्रिल, रात्री १०.१२

तुम्ही रंगासाठी म्हणत होता साहेब. आत्ता कायदा सापडला.

गिरणाकाठ | २६ एप्रिल, रात्री ११.३०

काकांकडून पाने आणले (भुसावळला काकूंनी कळणाची भाकरी आणि ठेचा खाऊ घातला, तो वेगळा धागा होईल). इंजिन उघडलं.

साइड व्हॉल्व्हचा एक फायदा कळला. दोन्ही व्हॉल्व्ह सिलेंडरच्या बाजूला, डोकं म्हणजे नुसतं झाकण. नट काढले की हेड हातात. तळाची प्लेट खोलली तर काका म्हणाले तसंच डांबर, शिवाय त्यात एक मेलेली गोम. ऑइलच्या वाटेवरची गोळी तिच्या घरात घट्ट चिकटली होती, रॉकेलमध्ये दोन दिवस भिजवून सुटली.

सिलेंडरला वरच्या बाजूला नखाला लागेल असा काठ पडला होता. एमआयडीसीतल्या लेथवाल्याने मोजलं आणि मान हलवली. २० थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइजचा पिस्टन मावळांनी पुण्यातून मिळवून दिला, कुरियरने आला, त्याच्या मापाने बोअर करून घेतला. साहेब, कड्यांवरून आपलं पटत नसलं तरी याचे आभार. व्हॉल्व्ह भाच्याने आणि मी पेस्ट लावून हाताने घासले, रोज संध्याकाळी अर्धा तास. टॅपेटची फट इनटेकला १० थाऊ, एक्झॉस्टला १२, दोन्ही इंजिन गार असताना.

टायमिंगला, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते जमवायला, मात्र घाम फुटला. हेड उघडंच होतं, म्हणून पिस्टनची खोली सरळ मोजता आली : वरच्या टोकाच्या ७/१६ इंच आधी, ठिणगी लवकर-उशिरा करणारा लिव्हर पूर्ण ॲडव्हान्सला (लवकरच्या टोकाला) ठेवून, मॅग्नेटोचे पॉइंट उघडायला लागले पाहिजेत, तेव्हाच ठिणगी पडते. पॉइंट नेमके कधी उघडतात हे डोळ्याला दिसत नाही. काकांची युक्ती म्हणजे पॉइंटांमध्ये संक्रांतीच्या पतंगाचा पातळ कागद अडकवा, हलका ओढत राहा, सुटला की तोच क्षण. मॅग्नेटोच्या गिअरला चावी नसते, नुसता निमुळत्या दांड्यावर बसतो. म्हणजे जमवलं, नट आवळला, आवळताना सरकलं, परत पहिल्यापासून. चौथ्या वेळी जमलं. पतंग मात्र संपला.

भरीतपार्टी | २७ एप्रिल, सकाळी ८.००

भो, चालू व्हयनी का? एवढंच सांग.

गिरणाकाठ | ३ मे, संध्याकाळी ७.५०

झाली!

पेट्रोल सोडलं, कार्बोरेटरची टोपणी पेट्रोल ओघळेपर्यंत दाबली, लिव्हर अर्धा रिटार्डला (उशिराकडे). एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून पिस्टन वरच्या टोकाच्या जरा पुढे नेला आणि मग पूर्ण पाय. पहिल्या सहा किकांना नुसतं ढेकर. सातव्याला भाच्याने घाईत लिव्हर पुढे ढकलला आणि किक उलटी आली. पोटरीवर जांभळा डाग घेऊन हिंडतोय, पण आठव्याला धरलं. आवाज म्हणजे विहिरीवरच्या जुन्या इंजिनाचा धाकटा भाऊ. गल्लीतली सगळी म्हातारी माणसं बाहेर आली, पोरांनी मात्र मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही.

बॅटरी अजून बसवलेलीच नाही. मॅग्नेटो स्वतःची ठिणगी स्वतः करतो, बॅटरी दिव्यांपुरती.

पण : वीस-पंचवीस मिनिटं चालली की अडखळते, फटफट करते आणि बंद. मग काही केल्या चालू होत नाही. तासाभराने पहिल्या किकला चालू. तीन दिवस हेच. बाहेर ४४ अंश आहे.

शेतशिवार | ३ मे, रात्री ८.३०

पेट्रोल. हल्ली सगळीकडे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलने जुने रबर फुगतात, पेट्रोलच्या कॉकमधलं बुच आकसतं, शिवाय मिश्रण पातळ पडून इंजिन जास्त तापतं. कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाका. आणि उभी ठेवताना टाकी रिकामी करत चला, ते पाणी शोषतं.

मॅग्नेटो_मावळा | ३ मे, रात्री ९.०५

ऑक्टेनची काळजी करू नका. हिचं कॉम्प्रेशन जेमतेम ४.९ ला १, युद्धातल्या हलक्या पेट्रोलवर चालायलाच बनवलेली. जेटचं शेतशिवार म्हणतात ते बरोबर आहे, पण त्याने गाडी गरम चालेल, नेमकी पंचविसाव्या मिनिटाला मरणार नाही. टाकीच्या झाकणाचं भोक तपासलंत? रंगाने बुजलं असेल तर आत पोकळी होऊन पेट्रोल उतरायचं थांबतं. बंद पडली की लगेच झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि चालू झाली तर दोष तिथे.

सातपुडा_पॅसेंजर | ४ मे, सकाळी ६.००

झाकण उघडा, आणि त्याच मिनिटाला प्लग काढून हेडला टेकवा, किक मारून ठिणगी बघा. थंड झाल्यावर बघून उपयोग नाही, चोर तेव्हा निघून गेलेला असतो. ठिणगी नसेल तर कंडेन्सर.

गिरणाकाठ | ५ मे, रात्री १०.००

झाकणाला फुस्स नाही. ठिणगी नाही. अर्ध्या तासाने ठिणगी निळी आणि टणटणीत.

सातपुडा_पॅसेंजर | ६ मे, सकाळी ६.०५

मग कंडेन्सरच. या मॅग्नेटोत तो आर्मेचरच्या (आत फिरणाऱ्या वाइंडिंगच्या) पोटात बसवलेला असतो, बाहेरून दिसत नाही. पूर्वीचं इन्सुलेशन तापलं की गळकं होतं, थंड झालं की शहाणं.

आर्मेचर बाहेर ओढायच्या आधी तीन गोष्टी काढा : ठिणगी बाहेर नेणारा पिकअप, अर्थचा ब्रश आणि सेफ्टी गॅपचा स्क्रू. तो स्क्रू विसरलात तर स्लिप रिंगची कड तुटते आणि मग रडायला भुसावळला यायचं नाही. आर्मेचर काढल्यावर चुंबकाच्या दोन तोंडांवर लोखंडी पट्टी ठेवा, नाहीतर जुन्या चुंबकाची ताकद उतरते.

घेऊन या. इन्सुलेशन तपासायचा मेगर आहे माझ्याकडे.

गिरणाकाठ | १० मे, रात्री ९.४५

काल भुसावळ. आर्मेचर बाहेर काढलं तर वाइंडिंगवरची लाख वितळून बाजूला चिकटली होती. लाखेची बांगडी उन्हात धरली की कशी बोटाला लागते, तशी. काकांनी आधी गार असताना मेगर लावला : ठीक. मग म्हणाले, आता तापवायला पाहिजे. मी म्हटलं, हेअर ड्रायर आणतो. काकांनी वर बोट केलं. पत्र्यावर काकूंच्या कुरडया वाळत होत्या. त्यातली एक रांग सरकवून तिथे कापडावर आर्मेचर ठेवलं. दुपारचे दोन, भुसावळ, मे महिना. चाळीस मिनिटांनी फडक्यात धरून खाली आणलं, मेगर लावला आणि काटा जवळपास जमिनीवर.

कुरडयांना लाखेचा वास लागला म्हणून काकूंनी आम्हा दोघांना चहा दिला नाही.

आता आर्मेचर रिवाइंडिंगला दिलंय. कंडेन्सर नवा, नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक्सचा, पण आत त्याच जागी बसणारा.

मॅग्नेटो_मावळा | १० मे, रात्री १०.२०

कुरडयांवर आर्मेचर ही चाचणी कोणत्याही मॅन्युअलमध्ये नाही! कंडेन्सर नवा टाकताय यालाही माझी हरकत नाही, बाहेरून दिसत नाही ना.

शेतशिवार | १० मे, रात्री १०.२५

कडी बाहेरून दिसतात एवढाच त्यांचा गुन्हा, असंच ना?

मॅग्नेटो_मावळा | १० मे, रात्री १०.४०

...हे मात्र लागलं.

गिरणाकाठ | १५ जून, सकाळी ११.१५

अहवाल. आर्मेचर आलं, बसवलं, टायमिंग परत केलं (नवा पतंग). ऑइल उन्हाळ्यापुरतं एसएई ५० भरलंय, थंडीत पातळ घालीन. पाऊस पडायच्या आत परवा पहाटे एरंडोलपर्यंत जाऊन आलो. दीड तास, एकदाही बंद नाही. गिअर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली, ब्रेक डाव्या पायाला. दोनदा ब्रेक समजून गिअर टाकला. हायवेला पन्नासच्या वर नेली नाही, ट्रकवाले स्वतःच वेग कमी करून बघत होते.

कागद : वारसाच्या नावावर गाडी झाली, माझ्या नावाचा अर्ज आत आहे. निंबोळी ताई, चौथा भाऊ खरंच होता, सुरतला नव्हे, वापीला. सही दिली, पण एक चक्कर मागितली.

कडी ठेवतोय. व्हिंटेजची नोंदणी आत्ता करत नाही. करायची ठरलीच तर तपासणाऱ्याला दाखवीन आणि तो म्हणेल तसं. टाकीवरचा निळा रंगही एका बाजूला तसाच ठेवलाय, दुसऱ्या बाजूला खरवडून खालचा खाकी काढला. बायको म्हणते, गाडीला कोड फुटल्यासारखा दिसतो. डाव्या कड्याला काल तिनेच असोद्याच्या वांग्यांची पिशवी अडकवून आणली.

निंबोळी | १५ जून, दुपारी १२.००

विमा? गाडी रस्त्यावर आहे म्हणता, आणि विम्याबद्दल एक शब्द नाही.

गिरणाकाठ | १५ जून, दुपारी १२.२०

थर्ड पार्टी काढलाय ताई. तुम्ही विचारणार हे माहीत होतं.

भरीतपार्टी | १५ जून, दुपारी १२.३०

वांगी?? असोद्याची?? आणि हे शेवटच्या ओळीत सांगतो? रविवारी भरीत. भाकरी मी आणतो, कळणाच्या. चक्कर पण मारू.

सातपुडा_पॅसेंजर | १५ जून, दुपारी १.०५

मी आणि आमच्या घरचे पण येतो. वाटेत गाडी बघून घेतो, परतीच्या पाइपातून टाकीत ऑइल पडतं की नाही ते दर वेळी झाकण उघडून बघायची सवय लावा. आणि राहिलेला पाना काढून ठेवा. पाच नेले होते, परवा चारच आले. पाव इंची नाही.

गिरणाकाठ | १५ जून, दुपारी १.१०

काका, तो भरीतपार्टीने नेला होता, एप्रिलमध्येच. पाण्याच्या मोटारीचा नट काढायला.

भरीतपार्टी | १५ जून, दुपारी १.४०

आणतो काका. त्या नटाला बसला बी नही.